आपल्या बायकांसाठी हेल्थ प्रोग्रॅम, पण घरच्या स्वयंपाकाचं काय?

गेले काही महिने आमच्या शिकागो सबर्बमधल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरून फिरून एकच विषय येतोय, शुगर. कुणाचा एवनसी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) बॉर्डरवर आलाय, कुणाला मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी सुरू झालीये, कुणाच्या नवऱ्याला पंचेचाळिशीत स्टेंट पडला, आणि यातल्या निम्म्याजणी तर चांगल्या बारीक आहेत, लग्नातले ब्लाउज अजून होतात त्यांना! मग कुणीतरी हमखास विचारतं, की आपलं खाणंपिणं, आपले सणवार, आपली घरं धरून चालणारा एखादा प्रोग्रॅम इथे आहे का, का परत तेच सॅलड खा आणि जिमला जा. तर आहे, शिकागोत तर बरीच वर्षं यावर काम चाललंय, आणि त्यातून काय जमलं आणि काय नाही हे मी बऱ्यापैकी वाचलंय, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

आधी हे आपल्यालाच का होतं ते बघू, कारण "अगं मी तर जाड नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की काय सांगू. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला होता, एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३, म्हणजे कागदावर दोघंही एकदम फिट. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के, दुपटीहून जास्त! वजन तेवढंच, पण आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त, आणि तीही पोटात, लिव्हरच्या आजूबाजूला, जिथे ती सगळ्यात जास्त त्रास देते. याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केलाय, त्यात दिसलं की तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं आणि इंग्लंडमधलं ३.५ किलोचं, पण वजन एवढं कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती, कमी होते ते स्नायू. म्हणजे ही गोष्ट आईच्या पोटातूनच सुरू होते, आपण कॉस्टकोत जायला लागलो तेव्हापासून नाही.

म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून सांगितलंय की आशियाई लोकांची शुगर बीएमआय २३ झाला की तपासायला लागा, बाकीच्यांसाठी ते २५ आहे. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईसाठी हा २३ म्हणजे साधारण ५७ किलो. सत्तावन्न! किती जणींना वाटेल की आपण ५७ किलोच्या आहोत म्हणजे शुगर तपासायला पाहिजे? आणि कंबर ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर गेली की दक्षिण आशियाई बायकांसाठी ती जास्तच धरतात. टेप घरात असतो, पण तो बाहेर निघतो फक्त ब्लाउजच्या मापाला.

आणि इथे अमेरिकेत तर यावर खास अभ्यास सुरू आहे, मसाला नावाचा (नाव खरंच तेच आहे), २०१० पासून, सॅन फ्रान्सिस्को बे एरिया आणि शिकागो या दोन ठिकाणी ९०६ जण घेऊन तो सुरू झाला, डॉ. अल्का कनाया आणि डॉ. नम्रता कांडुला या दोघीजणी त्यात प्रमुख. त्यातून स्पष्ट झालं की इथल्या गोऱ्या, काळ्या, लॅटिनो, चिनी लोकांपेक्षा आपल्यात डायबेटिसचं प्रमाण जास्त आहे, आणि तेही गोऱ्या, काळ्या, लॅटिनो लोकांपेक्षा वजन कमी असूनसुद्धा.

बरं मग उपाय काय, तर लाइफस्टाइल. जगभरातले बरेचसे लाइफस्टाइल प्रोग्रॅम ज्यावरून निघाले तो म्हणजे २००२ साली छापून आलेला अमेरिकेतला डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम. ७ टक्के वजन कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढंच टार्गेट, पण त्याने डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, तेव्हा मेटफॉर्मिनने झालं ३१ टक्के. म्हणजे गोळीपेक्षा चालणं आणि खाणं जास्त लागू पडलं. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी भारतीय लोकांवर असाच प्रयोग केला, २००६ मध्ये त्याचे निकाल आले, तिथे फायदा २८.५ टक्के झाला. आकडा लहान आहे, पण फायदा झाला हे नक्की, आणि तोही फारसं वजन न उतरता.

आता हाच प्रोग्रॅम जसाच्या तसा उचलून आपल्या बायकांना दिला की काय होतं ते सांगते. आमच्या ग्रुपमधल्या एका ताईंना डॉक्टरांनी डायटिशियनकडे पाठवलं, त्यांनी मला ते हँडआउट दाखवलं. छान रंगीत प्लेटचा फोटो, अर्ध्यात ब्रोकोली आणि लेट्यूस, पाव भागात ग्रिल्ड चिकन, पाव भागात ब्राऊन राइस. ताई शाकाहारी. रोजचा स्वयंपाक म्हणजे पोळी, एक पालेभाजी किंवा फळभाजी, आमटी, भात, चमचाभर कोशिंबीर, ताक. त्यांनी विचारलं पोळी किती खाऊ, तर डायटिशियन म्हणाली एक स्लाइस ब्रेड एवढी. आता पोळी स्लाइससारखी कशी मोजायची, घडीची मोठी का फुलका, तेल लावलेली का कोरडी, काहीच नाही. डाळ प्रोटीनमध्ये धरायची का कार्ब्समध्ये, तेही नाही. भाजीत किती तेल पडतं हे तर त्या कागदावर कुठेच नव्हतं, कारण तो कागद लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर फोडणी ही गोष्टच नव्हती! ताईंनी तो कागद फ्रिजला लावला, आठवडाभर दुपारी सॅलड खाल्लं, आणि संध्याकाळी घरच्यांसाठी केलेली बटाट्याची भाजी भूक लागली म्हणून दुप्पट खाल्ली. यात ताईंचा काय दोष, कागदच दुसऱ्या कुणाच्या तरी घरासाठी होता.

तर हे लक्षात घेऊन शिकागोत नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या डॉ. कांडुला आणि त्यांच्या टीमने मेट्रोपॉलिटन एशियन फॅमिली सर्व्हिसेस या इथल्या सामाजिक संस्थेबरोबर मिळून एक प्रोग्रॅम तयार केला, त्याचं नाव सहेली. नाव ऐकून वाटेल फक्त बायकांसाठी आहे, पण पुरुषही घेतले होते, बायका जास्त होत्या एवढंच. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की हॉस्पिटलमध्ये बसून बनवलेला प्रोग्रॅम नंतर वस्तीत नेला असं झालं नाही, ज्या संस्थेकडे आपली माणसं आधीपासून इमिग्रेशनच्या कागदांसाठी, आजी-आजोबांच्या डे केअरसाठी जातात, तिथेच तो उभा केला. शिकवणारे कोच आपल्याच समाजातले, हिंदी, गुजराती, उर्दू बोलणारे. आठवड्यातून एकदा ग्रुप भेटणार, १६ आठवडे, आणि नंतर अधूनमधून चार भेटी. आपल्या घरातलंच अन्न घेऊन बोलायचं, पोळी भात डाळ तेल मीठ, सण आणि पार्ट्यांना काय करायचं, ताण कसा सांभाळायचा.

त्याच लोकांनी आयांसाठी एक वेगळा व्यायामाचा प्रयोग केला होता, तो मला सहेलीपेक्षाही जवळचा वाटतो. ज्यांना पुढे डायबेटिस होण्याची शक्यता आहे अशा आपल्याकडच्या आया, आणि त्यांची शाळकरी मुलं. आठवड्यातून दोनदा फक्त बायकांचा व्यायामाचा क्लास, आणि त्याच वेळी, त्याच जागी मुलांचाही व्यायामाचा क्लास! बास, एवढंच. पण हे एवढंच सुचायला कुणीतरी आधी त्या बायकांना बसून विचारलं होतं की तुम्ही व्यायाम का करत नाही. कारणं ऐकली तर तुम्हाला तोंडपाठ असतील अशीच आहेत, मुलांना कुठे ठेवू, पुरुषांसमोर ट्रेडमिलवर पळायला कसंतरी वाटतं, गाडी नवऱ्याकडे असते, नोव्हेंबर ते मार्च बाहेर पाऊल टाकवत नाही, आणि सगळ्यात मोठं म्हणजे सगळ्यांचं सोडून स्वतःसाठी तास काढणं बरोबर वाटत नाही. मुलाला कराटेला सोडायला जाते तेव्हा आई तास दीड तास गाडीत बसून राहते, ती वेळ तिची नसते, ती मुलाची वेळ असते. इथे मुलाला क्लासला न्यायचंच आहे म्हटल्यावर तिचंही होऊन जातं आणि कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. हे ज्याला कळलं त्याला आपल्या बायका कळल्या असं मला मनापासून वाटतं.

एच फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळतो त्यावर, आलेल्या मुलींचा विचार करा. २०१५ पर्यंत तर त्यांना कामाची परवानगीच नव्हती, नंतरही ती काही जणींनाच मिळाली. पुण्यात नोकरी करणारी, बसमागे पळणारी, ऑफिसचे जिने चढणारी मुलगी इथे येते आणि अपार्टमेंटमध्ये बंद होते, फुटपाथ नाही, लायसन्स यायला वेळ, नवरा सकाळी जातो तो संध्याकाळी येतो. दिवसाला हजार दोन हजार पावलं झाली तरी खूप. मग पहिलं बाळंतपण, त्यात शुगर निघते (आपल्यात हे प्रमाण खूप आहे), मग डिंकाचे लाडू, तूप, रात्रीची जागरणं, आणि बाळंतपणानंतर शुगर परत तपासायची राहूनच जाते कारण सगळं लक्ष बाळाच्या लशींवर. खरंतर गरोदरपणात शुगर निघाली असेल तर बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ग्लुकोज पिऊन तपासणी करायचीच असते आणि पुढे आयुष्यभर दर एक ते तीन वर्षांनी, कारण अशा बायकांना पुढे टाइप टू डायबेटिस होण्याची शक्यता बाकीच्यांच्या जवळजवळ दहापट असते. दहापट! ज्यांना ज्यांना तेव्हा शुगर निघाली होती त्यांनी हे वाचून पुढच्या चेकअपला स्वतः तोंडाने मागून घ्या, डॉक्टर विसरतात.

आता सहेलीचं काय झालं ते. आधी ६३ जणांवर छोटी चाचणी झाली, तिच्यात वजनात आणि एवनसीत दोन्हीत चांगला फरक दिसला. मग मोठी केली, ५४९ जण घेतले, २०१८ ते २०२२, निम्मे ग्रुपमध्ये, निम्म्यांना फक्त पोस्टाने माहितीपत्रकं. मध्ये कोविड आला, ग्रुप झूमवर गेले. २०२४ मध्ये निकाल छापून आला, आणि वर्षभराने बघितलं तर वजन, बीपी, कोलेस्टेरॉल, एवनसी, कशातच दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नाही. खाणं सुधारलं, हालचाल वाढली, "मला हे जमेल" हा विश्वास वाढला, असं ग्रुपमधल्या लोकांनी सांगितलं, पण रक्तात ते उतरलं नाही.

हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, दोन दिवस डोक्यात तेच. कारण भाषा आपली, माणसं आपली, पदार्थ आपले, जागा आपली, अजून काय आपलं करायचं? काही लोक लगेच म्हणाले की बघा, हे कल्चरली टेलर्ड वगैरे सगळं वरवरचं, पत्रक पाठवा पुरे. मला ते अजिबात पटत नाही. कोविडची वर्षं, घरात अडकलेली माणसं, झूमवरचे चौकोन, याचा काहीतरी परिणाम असणारच. पण त्याहून मोठी गोष्ट मला वाटते ती ही, की अशा प्रोग्रॅममध्ये घरातलं एक माणूस येतं आणि बदल मात्र अख्ख्या घरात करायचा असतो. बाई क्लासला जाते, तेल कमी करायचं ठरवते, घरी येते आणि चार माणसांसाठी स्वयंपाक करते. मुलाला मॅक अँड चीज, नवऱ्याला डब्यात पोळीभाजी, सासूसासरे सहा महिन्यांसाठी आलेले असतील तर त्यांना सकाळी नाश्ता, दुपारी चहाबरोबर काहीतरी. भाजीत तेल कमी पडलं तर आज भाजी कोरडी का झालीये हा प्रश्न तिलाच येतो. ती स्वतःचं वेगळं करून खाईल तर "डाएट चाललंय वाटतं" आणि सगळ्यांसाठीच बदलेल तर "आम्ही काय आजारी आहोत का". आणि दिवसभराच्या शेवटी उरलेलं भात आमटी टाकवत नाही म्हणून तीच खाते, हे तर कुठल्याच फूड डायरीत येत नाही.

म्हणून मला स्कॉटलंडमधला पोडोसा नावाचा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो. ग्लासगो आणि एडिनबरामध्ये राहणारी भारतीय आणि पाकिस्तानी मूळ असलेली माणसं, शुगर बॉर्डरवर असलेली, १७१ जण, डॉ. राज भोपाल यांनी केलेला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे डायटिशियन घरी जायची. तीन वर्षांत १५ वेळा! दुसऱ्या गटात फक्त ४ वेळा. आणि त्यांनी नुसतं ज्याची शुगर वाढलीये त्यालाच नाही, घरातल्या बाकीच्यांनाही घेतलं आणि मुद्दाम घरात जी व्यक्ती स्वयंपाक करते तिलाही सामील केलं. म्हणजे नवऱ्याची शुगर आणि सल्ला नवऱ्याला, आणि रांधणारी बायको स्वयंपाकघरात, असं नाही. तीन वर्षांनी १५ भेटींच्या गटाचं वजन दुसऱ्या गटापेक्षा १.६४ किलोने कमी भरलं. ऐकायला काहीच नाही वाटणार, इन्स्टाग्रामवर लोक महिन्यात दहा किलो उतरवतात, पण तीन वर्षांनंतरही टिकलेला दीड किलो आहे तो, आणि त्या वयात वजन एरवी वाढतच जातं. डायबेटिसही त्या गटात कमी जणांना झाला, पण माणसं थोडी होती म्हणून त्यावरून ठाम काही म्हणता येत नाही.

मला जर कुणी विचारलं की आपल्या बायकांसाठी प्रोग्रॅम कसा हवा तर मी सांगेन की पहिलं घरातल्या सगळ्यांना बसवा. नवरा आला पाहिजे, सासूबाई असतील तर त्या आल्या पाहिजेत, दहा वर्षांवरची मुलं आली पाहिजेत. पहिल्याच दिवशी घरातला तेलाचा कॅन घेऊन या म्हणावं. भारतात आहारतज्ज्ञ सर्रास सांगतात की माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल पुरे, म्हणजे दिवसाला साधारण तीन छोटे चमचे, त्यातच भाजी, आमटी, पोळीवरचं, सगळं आलं. आमच्या ग्रुपमधल्या एकीने घरात हा हिशोब मांडला, महिन्याच्या एक तारखेला कॅनवर मार्करने रेघ मारली, चार माणसांसाठी दोन लिटर बाजूला काढलं, आणि ते संपायची तारीख कॅलेंडरवर नवऱ्याला लिहायला लावली. तेल पंधरा तारखेच्या आत संपलं. कुणी कुणाला काही बोललं नाही, पण पुढच्या महिन्यात नवरा स्वतःहून म्हणाला की शनिवारची भजी एअर फ्रायरमध्ये करून बघू, चव वेगळी लागते पण चालेल. तेल मोजायचं काम त्याच्याकडे गेल्यामुळे "आज भाजी कोरडी का" हा प्रश्नच घरातून गेला. मला हे कुठल्याही कॅलरी चार्टपेक्षा जास्त शिकवून गेलं.

खाण्याबद्दल अजून थोडं. आपल्या प्रोग्रॅममध्ये आपले पदार्थ म्हणजे बरेचदा नुसतं उत्तर भारतीय किंवा गुजराती धरतात, पराठा, पनीर, ढोकळा, आणि मराठी घरातलं बरंच चांगलं राहूनच जातं. मुगाची मटकीची उसळ, पिठलं, मेथीची पीठ पेरून भाजी, पातळभाजी डाळ घालून, काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून, ताक, हे सगळं प्रोटीन आणि फायबरच तर आहे, फक्त ताटातली जागा उलटी झालीये, कोशिंबीर चमचाभर आणि भात डोंगर. भात डावाने न घेता वाटीने घ्या, आणि कोशिंबीर डावाने. ज्वारीचं पीठ इथे इंडियन स्टोअरमध्ये मिळतं, पण भाकरी थापली की तडकते आणि मग सगळ्याजणी सोडून देतात, त्याचं कारण पीठ जुनं असतं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. उकळत्या पाण्यात उकड काढून गरम असतानाच चांगलं मळून घ्या, थापली जाते. भाकरी म्हणजे औषध नाही, तीन भाकरी खाल्ल्या तर शुगर वाढणारच, पण एक भाकरी आणि वाटीभर उसळ पोटाला धरून राहते हे ज्याने खाल्लंय त्याला माहीत आहे.

आणि उपास. हा विषय कुणी इंग्रजी डायटिशियन काढतच नाही, त्यांना माहीतच नाही की संकष्टीला, एकादशीला, नवरात्रात आपण काय खातो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, त्यात बटाटा, त्यावर तूप साखर, आणि उपास म्हणून दोन वेळा तेच. ज्यांना मेटफॉर्मिनबरोबर अजून दुसऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन आहे त्यांनी तर दिवसभर कडक उपास करून रात्री एकदम खिचडी खाण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे, साखर खाली जाते ते फार वाईट. देवाचं करू नका असं मी कधीच म्हणणार नाही, माझी स्वतःची चतुर्थी असते. पण राजगिरा, दही, ताक, काकडीची कोशिंबीर, दाण्याची आमटी आणि थोडी भगर हेही उपासालाच चालतं ना, आपल्या आज्यांनी सांगितलेलं आहे ते, कुठल्या डाएटिशियनने नाही.

व्यायामाचं म्हणाल तर सगळीकडे आता बॉलिवूड डान्स, झुंबा. टोरांटोत, कॅलिफोर्नियात दक्षिण आशियाई बायकांसाठी बॉलिवूड डान्सचे क्लास घेऊन त्यावर अभ्याससुद्धा झालेत, बायकांना आवडतं, टिकून राहतात, छानच आहे. पण मला सारखं वाटतं की आपल्याकडे मंगळागौर असताना आपण कुठे शोधतोय! गेल्या श्रावणात आमच्याकडे बायकांनी मंगळागौरीच्या खेळांची प्रॅक्टिस केली, लायब्ररीच्या खोलीत खुर्च्या बाजूला सारून. झिम्मा, फुगडी, पिंगा, कोंबडा, लाट्या बाई लाट्या, सूप नाचवणं. कोंबड्याला तर खाली बसून उड्या मारत जायचं, मांड्यांना कळा येतात, ते स्क्वॉट्सच आहेत की! व्यायाम मध्यम आहे का जोराचा हे ओळखायची डॉक्टरांची साधी खूण अशी की बोलता येतंय पण गाता येत नाही म्हणजे मध्यम, बोलताही येत नाही म्हणजे जोराचा. आणि हे खेळ तर गाणं म्हणतच खेळायचे असतात! पहिल्या दिवशी झिम्म्याचं दुसरं कडवं येईपर्यंत सगळ्यांचा आवाज बंद, नुसत्या टाळ्या चालू. ऑगस्ट संपेपर्यंत त्याच बायका अख्खं गाणं म्हणत खेळत होत्या. ज्यांचे गुडघे दुखतात त्या झिम्मा आणि सूप करत होत्या, फुगडी नाही, आणि एक सत्तरीच्या काकू खुर्चीत बसून हातांनी करत होत्या, गाणी सगळी त्यांनाच पाठ. कुणाला व्यायाम कर म्हणून सांगावं लागलं नाही, उलट प्रॅक्टिस चुकली तर बाकीच्या ओरडायच्या.

अडचण एवढीच की श्रावण संपला, कार्यक्रम झाला, नऊवारी घड्या घालून ठेवल्या, की ते बंद. गणपतीत ढोल ताशा पथकाच्या मुलींचंही तसंच, दोन महिने ढोल कमरेला बांधून खांदे मजबूत होतात आणि मग दहा महिने काही नाही. आणि नेमकं त्याच दहा महिन्यांत इथली थंडी आणि दर शनिवारचं पॉटलक. म्हणून हे आपल्या मंडळांनी वर्षभर चालवायला पाहिजे असं मला फार तळमळीने वाटतं. सभागृह असतं, यादी असते, कार्यकर्ते असतात, गणपतीला पाचशे लोकांचं जेवण करतात, मग महिन्यातून एकदा वजन, कंबर, बीपी का नाही मोजता येणार? आपल्यातच केवढ्या डॉक्टर, नर्स, फार्मसिस्ट, डायटिशियन मुली आहेत. आणि पॉटलकला मोठ्या ट्रेमध्ये दोन उसळी आणि दोन कोशिंबिरी आल्याच पाहिजेत असा नियम केला तर कोण नाही म्हणणार आहे.

बे एरियातल्या मैत्रिणींना एक सांगते, माउंटन व्ह्यूच्या एल कमिनो हॉस्पिटलमध्ये साउथ एशियन हार्ट सेंटर आहे, २००६ पासून, तपासणी आणि मग कोच असं दोन्ही करतात. बाकीच्यांनी आपल्या डॉक्टरांना एवढं सांगा की मी दक्षिण आशियाई आहे, २०१८ च्या अमेरिकन कोलेस्टेरॉल गाइडलाइनमध्ये आपलं मूळच रिस्क वाढवणाऱ्या गोष्टींत धरलंय, त्यामुळे बारीक असले तरी एवनसी आणि लिपिड (कोलेस्टेरॉलची तपासणी) करून द्या. कुणी उगाच काळजी करताय म्हटलं तर करू दे.

आमच्याकडे आता हे ठरलंय की मंगळागौरीचे खेळ श्रावणापुरते न ठेवता शनिवारी सकाळी चालू ठेवायचे, त्याच लायब्ररीत, शेजारच्या खोलीत मुलांसाठी दोन कॉलेजातल्या मुली लेझीम शिकवणार आहेत म्हणजे मुलांना कुठे ठेवू हा प्रश्न नाही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी नवरे आणि सासूसासरे पण येणार, त्या दिवशी तेलाचा हिशोब आणि एक पदार्थ सगळ्यांसमोर करून दाखवायचा, पहिला पिठलं भाकरी, आणि तो पुरुष मंडळी करणार असं त्यांनीच कबूल केलंय. आसपास राहणाऱ्यांपैकी ज्यांना यायचंय त्यांनी खाली लिहा, मी ग्रुपमध्ये घेते. येताना गेल्या वर्षभरातला रक्ताचा रिपोर्ट आणा, नसेल तर तसंच या, बूट मात्र चांगल्या ग्रिपचे घाला कारण तिथली फरशी फार गुळगुळीत आहे.